मॅनेजर बदलला की टीम किती पायऱ्या खाली येते, आणि ती पुन्हा वर कशी न्यायची

नाशिकच्या अंबड-सातपूर औद्योगिक वसाहतींतल्या कुठल्याही बऱ्या मशीन शॉपमध्ये ऑपरेटर बदलला तर ४एम चेंजच्या (माणूस, मशीन, माल, पद्धत यांतल्या बदलांच्या) रजिस्टरला नोंद पडते. फर्स्ट पीस तपासतात, पहिले काही तास तपासणी वाढवतात, गरज असेल तर ग्राहकालाही कळवतात. मॅनेजर बदलला तर मात्र जुन्याला शाल-श्रीफळ, नव्याला बुके आणि नोटीस बोर्डावर एक पत्रक, एवढ्यावर भागतं. माणसं तीच, मशिनं तीच, टार्गेट तेच, म्हणजे आउटपुटही तेच येणार असं सगळे धरून चालतात. सुरुवातीचे काही आठवडे येतंही. घसरण त्यानंतर दिसते, आणि तोवर तिचा संबंध मॅनेजर बदलण्याशी कुणी जोडत नाही.

हे टिपण नव्याने आलेल्या मॅनेजरसाठी आहे, पहिल्या तीन महिन्यांपुरतं. उदाहरणाला १४ जणांची टीम धरली आहे: सीएनसी आणि व्हीएमसी या कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशिनांवरचे ९ ऑपरेटर, २ सेटर (मशीन नव्या कामासाठी लावून देणारे), १ क्वालिटी इन्स्पेक्टर, १ स्टोअर सांभाळणारा आणि १ सुपरवायझर. ऑफिसातली टीम असेल तर शब्द बदलतील, कामाचा क्रम तोच राहील.

नेमकं काय घसरतं

ब्रूस टकमन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९६५ साली छोट्या गटांवरच्या ५० लेखांचा आढावा घेऊन गटाच्या वाढीचे चार टप्पे मांडले. १९७७ मध्ये मेरी ॲन जेन्सन यांच्यासोबत त्याने पाचवा जोडला. मॅनेजमेंटच्या वर्गात ते फॉर्मिंग, स्टॉर्मिंग, नॉर्मिंग, परफॉर्मिंग आणि ॲडजर्निंग म्हणून पाठ करून घेतात. आपल्या भाषेत सांगायचं तर माणसं आधी एकमेकांना जोखतात, मग खटके उडतात, मग घडी बसते, मग काम पळतं आणि शेवटी पांगापांग. टकमनने पाहिलेल्या लेखांतले बहुतेक गट मानसोपचाराचे आणि प्रशिक्षणाचे होते, त्यामुळे 'तिसऱ्या आठवड्यात खटके, सहाव्यात घडी' असलं वेळापत्रक कुणी हातात दिलं तर बाजूला ठेवा. टप्पा ओळखायला ही चौकट उपयोगी पडते, तारखा ठरवायला नाही.

नवा मॅनेजर आला की टीम पुन्हा पहिल्या पायरीवर जाते, असं सरसकट सांगितलं जातं. ते अर्धंच खरं आहे. टीमचे तीन थर वेगवेगळे बघा.

पहिला थर हाताचा. सेटर जॉबची सेटिंग ४० मिनिटांत करत असेल तर तुम्ही आल्यानेही ती ४० मिनिटांतच होईल. दुसरा थर आपसातल्या सवयींचा: जेवायला गेलेल्याचं मशीन कोण बघतो, नव्या ट्रेनीला गेज धरायला कोण शिकवतो, शिफ्ट बदलताना कोण दहा मिनिटं आधी येतो. हा बराचसा टिकतो, फक्त जुन्या साहेबांच्या मूक संमतीवर जे चाललं होतं ते अधांतरी लटकतं. तिसरा थर वरच्या भरवशाचा. रिजेक्शन (नापास झालेले पीस) खरं सांगितलं तर ओरडा बसेल का, ओटी (ओव्हरटाइम) कुणाला मिळेल, चूक झाली तर साहेब वर जाऊन आपली बाजू घेतील का? हा थर तुम्ही खुर्चीत बसलात त्याच दिवशी शून्यावर येतो. तुम्ही कितीही चांगले असलात तरी येतो, कारण भरवसा माणसावर असतो, खुर्चीवर नाही.

म्हणजे टीम कामाच्या बाबतीत चौथ्या पायरीवर असते आणि तुमच्या बाबतीत पहिल्या. तुम्ही स्वतः मात्र सगळ्याच बाबतीत पहिल्यावर. बहुतेक चुका इथूनच निघतात. कुणी सगळी टीम नवखी समजून ओळखपाळखीचे खेळ आणि ट्रेनिंग लावतो, तेव्हा वीस वर्षांचा सेटर मनातल्या मनात हसतो. कुणी सगळी टीम पळती समजून पहिल्याच सोमवारी टार्गेट दहा टक्के वाढवतो, आणि सगळे 'हो साहेब' म्हणतात. हसण्यापेक्षा तो होकार जास्त महागात पडतो.

जुना मॅनेजर कसा गेला, यावर घसरण ठरते

तो बढती मिळून त्याच प्लँटमध्ये वर गेला असेल तर टीम अडचणीत त्याच्याकडेच जाणार. त्याच्यावरचा भरवसा शून्यावर येत नाही, पण तो तुमच्याकडे सरकतही नाही. त्याला काढलं असेल तर टीम घाबरलेली असते आणि पहिला टप्पा लांबतो. लोकांना नको असलेला मॅनेजर गेला असेल तर तुम्ही देवदूत ठरता, पण फक्त पहिल्या पगारापर्यंत, कारण जुन्या साहेबांनी अडवलेली प्रत्येक गोष्ट आता मिळणार असा हिशेब आधीच मांडलेला असतो. तुम्ही याच टीममधून वर आला असाल तर जोखण्याचा टप्पा जवळजवळ नसतोच, थेट खटके सुरू होतात. कालपर्यंत एका टपरीवर चहा पिणारा आज रजेच्या अर्जावर सही करतो, हे पचायला वेळ लागतो.

आणि टीम आधीच खटक्यांच्या पायरीवर अडकलेली असेल तर मॅनेजर बदलणं ही संधीच असते. जुन्या भांडणातली एक बाजू गेलेली असते. अशा ठिकाणी पुढचं सगळं थोडं लवकर आणि थोडं ठामपणे करता येतं.

रुजू होण्याआधी: आश्वासनांची यादी

हँडओव्हरमध्ये मशिनांची यादी, ग्राहकांच्या तक्रारी, चालू ऑर्डरी हे सगळं मिळतं. जे मिळत नाही तेच सगळ्यात नडतं: जुन्या मॅनेजरने तोंडी दिलेले शब्द. 'दिवाळीनंतर तुझं कन्फर्मेशन बघतो.' 'आईचं ऑपरेशन आहे ना, दोन महिने तुला नाइट नको.' 'पोरीच्या लग्नाला पंधरा दिवस सलग देतो.' यातलं काहीच फाइलमध्ये नसतं. तुम्ही नकळत त्या माणसाला नाइट लावता, तो काही न बोलता निघून जातो, आणि संध्याकाळपर्यंत चौदाही जणांना कळतं की नव्या साहेबांकडे शब्दाला किंमत नाही.

म्हणून जुन्या मॅनेजरसोबत दोन तास मागा आणि त्यातला पाऊण तास फक्त यालाच द्या. प्रत्येक नाव घेऊन एकच विचारा: 'यांना तुम्ही काही कबूल केलंय का?' मिळालेली यादी घेऊन एचआरकडे किंवा मालकांकडे बसा आणि प्रत्येक शब्दापुढे पाळणार, पाळता येणार नाही, किंवा अमुक तारखेला सांगतो, यांपैकी एक लिहा. पाळता येणार नाही ते त्या माणसाला पहिल्या दहा दिवसांत तुम्हीच सांगा, कारणासकट. नकार लोक पचवतात, टोलवाटोलवी पचवत नाहीत. जुना मॅनेजर भेटणारच नसेल तर हा प्रश्न सुपरवायझरला विचारा. सगळं नाही, पण बरंच हाती लागतं.

यासोबत मागच्या सहा महिन्यांचे चार आकडे काढून ठेवा: रिजेक्शन, गैरहजेरी, ओटीचे तास आणि सोडून गेलेली माणसं. पुढे तुलना करायला हाच पाया. जुन्या मॅनेजरकडून माणसांबद्दलची मतं मात्र घेऊ नका. 'तो कामचुकार आहे' एकदा कानात गेलं की तुम्हाला तेवढंच दिसत राहतं.

पहिला दिवस

दोन्ही शिफ्ट भेटतील अशी वेळ धरा आणि लाइनजवळ उभ्यानेच दहा मिनिटं बोला. नाव, याआधी काय काम केलं ते दोन वाक्यांत, आणि मग तीन गोष्टी: जीवाला किंवा ग्राहकाला धोका नसेल तर पुढचे तीस दिवस मी मोठा बदल करणार नाही, या दोन आठवड्यांत प्रत्येकाशी अर्धा तास बोलणार आहे, रजा, ओटी आणि शिफ्टचे आधी ठरलेले कागद तसेच चालतील. बस. 'माझ्या आधीच्या कंपनीत आम्ही असं करायचो' हे वाक्य पहिला महिनाभर उच्चारू नका. आधीच्या मॅनेजरवर टीकाही नको, कुणी आमिष दाखवलं तरी. जो आज त्याच्याबद्दल बोलायला लावतो तो उद्या तुमच्याबद्दल बोलेल.

वयाने मोठ्या माणसांना अहो-जाहो आणि तिथे रूढ असेल ते संबोधन. सगळे ज्यांना आप्पा म्हणतात त्यांना तुम्ही एकट्याने आडनावाने हाक मारलीत तर ती शिस्त वाटत नाही, दुरावा वाटतो. उलट पंचविशीतल्या ट्रेनीला पहिल्या दिवशी 'ए, इकडे ये' हेही नको.

एक भेट मात्र या दहा मिनिटांच्याही आधी उरका. तुमच्या जागेवर ज्याचा डोळा होता, बहुधा सुपरवायझर, त्याच्याशी. जुना गेल्यापासून महिनाभर शॉप त्यानेच ओढलेलं असतं. आडवळणं न घेता बोला: 'ही जागा तुम्हाला मिळायला हवी होती असं तुम्हाला वाटणं साहजिक आहे. निर्णय माझा नव्हता. महिनाभर शॉप तुम्ही चालवलंत, त्यात काय मोडायचं नाही ते मला आधी सांगा.' आणि मग शिफ्टची आखणी किंवा टूलिंगचा खर्च असं एक खरं क्षेत्र पूर्ण त्याच्याकडे सोडा. 'पुढच्या वेळी तुमचाच नंबर' असलं काही बोलू नका. ते तुमच्या हातात नाही, आणि आश्वासनांच्या यादीत आणखी एक भर पडेल.

पहिले दोन आठवडे: शांततेला भुलू नका

मीटिंगला सगळे वेळेवर, कुणी उलट बोलत नाही, विचारलं तर 'काही प्रॉब्लेम नाही साहेब'. नव्या मॅनेजरला वाटतं, शिस्तीची टीम मिळाली. ही जोखण्याची शांतता आहे. खात्री करायची असेल तर शिफ्टचं हँडओव्हर रजिस्टर काढा आणि दोन महिन्यांपूर्वीचं पान आजच्या पानाशेजारी ठेवा.

जुन्या पानावर असं काही सापडेल: '३ नंबरला बोअर वरच्या बाजूला लावलाय, ४० पीसनंतर इन्सर्ट बघ. क्लॅम्प थोडा ढिला येतोय, मेंटेनन्सला सांगितलंय, अजून आले नाहीत.' आणि आजच्या पानावर: '३ नंबर ओके.' (बोअर म्हणजे पीसमधलं भोक, इन्सर्ट म्हणजे ते कापणारं बदलतं पातं.) लिहिणारा तोच, मशीन तेच. फरक एवढाच की आधी तो पुढच्या शिफ्टच्या दोस्तासाठी लिहीत होता, आता तुम्ही वाचाल म्हणून लिहितोय. पानावर 'ओके' वाढले की समजा, टीम पहिल्या पायरीवर आहे. या निदानाला सर्व्हे लागत नाही.

प्रत्येकाशी बोलताना तीनच प्रश्न, सगळ्यांना तेच. इथे काय चांगलं चाललंय, जे मी बिघडवू नये? रोज कुठल्या गोष्टीत वेळ फुकट जातो? माझ्या जागी तुम्ही असता तर पहिलं काय बदललं असतं? दिवसाला दोघे, म्हणजे सात कामाचे दिवस. केबिनमध्ये बोलावू नका, दार लावलं की बाहेर अंदाज बांधले जातात. कँटीनच्या कोपऱ्यात किंवा मशीनशेजारी बरं. नाइट शिफ्टवाल्यांसाठी तुम्ही रात्री जा, त्यांना सकाळी थांबवू नका. उत्तरं त्यांच्यासमोरच वहीत लिहा. पुढे काय लिहिलं ते बघू द्यायलाही हरकत नसावी.

हाती आलेल्या तक्रारी तीन ढिगांत टाका. पहिल्या ढिगात जीवाचा किंवा ग्राहकाचा धोका: तुटलेलं गार्ड, बायपास केलेला इंटरलॉक (दार उघडलं की मशीन थांबवणारी सोय), ओलांडलेली गेज कॅलिब्रेशनची तारीख. हे त्याच दिवशी, कुणाला विचारायची गरज नाही. दुसऱ्यात रोजची कटकट: टूल क्रिबची (हत्यारांच्या खोलीची) चावी एकाच माणसाकडे, कूलरचं पाणी गार नाही, नाइटला कँटीनचा चहा दोन वाजता येतो तेव्हा निवलेला असतो. यातल्या दोन-तीन गोष्टी दहा दिवसांत करून दाखवा. खर्च किरकोळ, परिणाम मोठा. तिसऱ्या ढिगात बाकी सगळं: लेआउट, शिफ्टची रचना, इन्सेंटिव्ह. त्याला तीस दिवस हात लावायचा नाही, कारण त्या प्रत्येकाच्या मागे कुणाचं तरी कसलं तरी गणित असतं आणि ते अजून तुम्हाला दिसलेलं नाही.

चिठ्ठ्यांची बैठक

पंधरा दिवसांनंतर हे एकदा कराच. ९० मिनिटं लागतात. चालवायला तिसरा माणूस हवा, एचआरमधला किंवा दुसऱ्या विभागातला, ज्याच्यासमोर लोक तोंड उघडतील असा. सुरुवातीची पाच मिनिटं तुम्ही थांबा, मग बाहेर जा. पुढची ४० मिनिटं टीम तीन विषयांवर चिठ्ठ्या लिहिते: नव्या साहेबांबद्दल काय जाणून घ्यायचंय, कशाची धास्ती वाटते, आणि त्यांना काय माहीत असायला हवं. नाव लिहायचं नाही. तिसरा माणूस सगळं स्वतःच्या अक्षरात मोठ्या कागदावर उतरवतो आणि मूळ चिठ्ठ्या तिथेच फाडतो. चौदा जणांत अक्षर ओळखू येतं, म्हणून हे गरजेचं.

मग तुम्हाला दहा मिनिटं कागद वाचायला आणि उरलेल्या वेळात उत्तरं. प्रश्न असे येतात: 'तुम्ही किती दिवस राहणार?' 'कंत्राटी मुलांना कमी करायला आणलंय का?' 'सीसीटीव्ही ऑफिसात बसून बघता का?' 'रजेला फोन चालेल की अर्जच पाहिजे?' माहीत असेल ते सांगा, ठरलं नसेल तर ठरलं नाही म्हणा, आणि जे सांगता येत नाही ते सांगता येत नाही असं म्हणा. 'हा कुणाचा प्रश्न आहे?' एवढं विचारलंत की बैठक संपली, आणि पुढची कधीच होणार नाही.

खटके उडायला लागले की

तिसऱ्या आठवड्यापासून दोन महिन्यांपर्यंत कधीही हे सुरू होतं, आणि सुरू झालं तर ती चांगली खूण आहे. लोकांना पुरेसा धीर आलाय असा त्याचा अर्थ. मात्र ते तुमच्याशी भांडत येत नाहीत, एकमेकांशी भांडतात, तुमच्यासमोर. एक नमुना जवळून बघा.

ड्रॉइंगवर बोअर २५ एच७ आहे, म्हणजे २५.००० ते २५.०२१ मिलिमीटरमध्ये चालतो. सेटर आप्पा नवा इन्सर्ट लावला की मुद्दाम वरच्या बाजूला, २५.०१८ ला सेटिंग करतात, कारण इन्सर्ट झिजेल तसा बोअर लहान होत जातो आणि वरून सुरुवात केली की ऑफसेट (मशीनमध्ये मापाची दुरुस्ती) न देता जास्त पीस निघतात. जुन्या साहेबांना हे माहीत होतं, चालत होतं. तुम्ही आल्यावर तिसऱ्या आठवड्यात क्वालिटीवाला २५.०१७ च्या पीसवर होल्डचं, म्हणजे माल अडवून ठेवायचं, टॅग लावतो. आप्पा उसळतात, 'लिमिटमध्ये आहे ना? मग?' तो म्हणतो, 'उद्या लिमिटबाहेर गेला तर सही माझी आहे.' आणि दोघेही तुमच्याकडे बघतात.

हे भांडण मायक्रॉनचं (मिलिमीटरच्या हजाराव्या भागाचं) नाही. नव्या साहेबांच्या राज्यात शेवटचा शब्द कुणाचा, हे दोघांना बघायचंय. तुम्ही तिथल्या तिथे एकाची बाजू घेतलीत तर प्रश्न मिटत नाही, फक्त निकाल लागतो, आणि हरलेला माणूस पुढचे सहा महिने बोलायचं बंद करतो. मशीनपाशी जा. तेच पाच पीस दोघांना आपापल्या हाताने त्याच गेजवर मोजायला लावा. बऱ्याचदा दोघांच्या मापातच दोन-तीन मायक्रॉनचा फरक निघतो आणि अर्धा ताप तिथेच उतरतो. मग सेटिंगची पट्टी दोघांकडून ठरवून घ्या, समजा २५.०१२ ते २५.०१६, आणि दर किती पीसला तपासायचं तेही. खाली तीन ओळी: ऑफसेट किती द्यायचा हे सेटर ठरवेल, होल्ड लावायचा की नाही हे इन्स्पेक्टर ठरवेल, दोघांचं जमलं नाही तर सुपरवायझर १५ मिनिटांत निर्णय देईल. तुमचं नाव त्यात नाही, आणि ते मुद्दामच नाही.

इथे दोन गोष्टी हमखास चुकतात. एक, रिजेक्शनचा आकडा. लोकांना भरवसा वाटायला लागला की लपवलेले पीस बाहेर येतात आणि समजा १.८ टक्क्यांचं रिजेक्शन २.५ वर जातं. ते खरंच वाढलंय की फक्त दिसायला लागलंय, हे ओळखायला ग्राहकाकडून परत आलेला माल आणि रीवर्कचे तास बघा. आतलं रिजेक्शन वाढलं आणि बाहेरची तक्रार तेवढीच राहिली किंवा घटली, तर माणसं खरं लिहायला लागली आहेत. त्याच आठवड्यात त्या आकड्यावरून झापलंत तर रजिस्टर पुन्हा 'ओके' होईल.

दुसरी चूक वरून होते. अंबडच्या लहान युनिटमध्ये मालक सगळ्यांना नावानिशी ओळखतो आणि जुना माणूस सरळ त्याच्या केबिनमध्ये शिरतो. मालकांशी पहिल्याच आठवड्यात ठरवून घ्या: ऐकून घ्या, हरकत नाही, पण पहिला प्रश्न 'साहेबांना सांगितलंत का?' हाच असू द्या, आणि निर्णय तिथे देऊ नका. मालक हे पाळत नसेल तर बाकी सगळी कसरत फुकट जाते.

घडी बसवताना

नियम थोडे आणि त्यांच्याच शब्दांत असावेत, सहाच्या वर नकोत. 'परस्पर सहकार्य राखावे' हा नियम नव्हे. 'शिफ्ट सोडण्याआधी चालू जॉबचा शेवटचा पीस मोजून ट्रेवर ठेवायचा' हा नियम. लिहून लाइनजवळ लावा, तारीख टाका, आणि सहा आठवड्यांनी उघडून बघा. जो पाळला जात नाही तो एकतर चुकीचा आहे नाहीतर कुणाला नको आहे.

शिफ्टच्या वेळा, विश्रांतीची वेळ, रजेचे नियम किंवा भत्ते बदलायचे असतील तर ही टीमची आपसातली घडी राहत नाही, सेवाशर्तींचा प्रश्न होतो. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याच्या ९-अ कलमात अशा बदलाला २१ दिवसांची नोटीस सांगितली होती. नव्या औद्योगिक संबंध संहितेतही मुदत २१ दिवसांचीच आहे. एचआरला आणि युनियन असेल तर युनियनला विचारल्याशिवाय या वाटेला जाऊ नका. 'दोन आठवडे ट्रायल घेऊ' म्हणून तोंडी सुरू केलेल्या शिफ्ट बदलावरून गेट मीटिंग लागते, आणि घडी बसत आलेली टीम एका दिवसात पुन्हा खटक्यांवर येते.

टीमकडे ठरलेल्या मुदतीचं काम असेल, जसं नवा पार्ट बारा आठवड्यांत सुरू करायचा, तर आणखी एक गोष्ट उपयोगी पडते. कॉनी गर्सिक यांनी १९८८ मध्ये आठ गटांच्या अभ्यासातून दाखवलं की मुदतीवर काम करणारे गट पायरी पायरीने बदलत नाहीत. सुरुवातीला धरलेली रीत ते साधारण निम्मी मुदत सरेपर्यंत चालवतात आणि मग एकदम बदलतात. म्हणून अशा कामात पद्धत बदलायचीच असेल तर मधला आढावा सहाव्या आठवड्याच्या शेवटी लावा आणि बदल तिथे मांडा. तेव्हा टीम आपणहून हलायला तयार असते. नवव्या आठवड्यात मांडाल तर वैताग पदरी पडेल.

नाशिकचं कॅलेंडर

बाहेरून आलेला मॅनेजर इथे हमखास फसतो. धुळवडीला सुट्टी देतो आणि रंगपंचमीला ऑडिट ठेवतो. नाशिक रंग खेळतं ते रंगपंचमीला, रहाडीत, म्हणजे रंगाच्या पाण्याने भरलेल्या हौदात. श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी ब्रह्मगिरीची फेरी असते, माणसं रविवारी रात्रीच त्र्यंबककडे निघतात, त्यामुळे सोमवारची फर्स्ट शिफ्ट अर्धी असेल असंच धरा. चैत्रात आणि नवरात्रात वणीच्या गडावर जाणारे असतात. दिंडोरी-निफाडकडून येणाऱ्या ऑपरेटरच्या घरी द्राक्षबाग असेल तर एप्रिलची खरड छाटणी आणि सप्टेंबर-ऑक्टोबरची गोडी छाटणी तुमच्या प्लॅनिंगच्या तक्त्यावर हवी. छाटणीनंतर पाऊस झाला की सकाळी सहाला फोन येतो: 'साहेब, डावणीचा फवारा मारायचाय, सेकंडला येतो.' डावणी हा द्राक्षावरचा रोग. त्या फोनला बहाणा समजलात तर त्या माणसाच्या वर्षभराच्या उत्पन्नाला बहाणा म्हणालात. आणि पुढचा सिंहस्थ २०२७ चा आहे. पर्वणीच्या दिवसांत गाड्या आणि कच्चा माल वेळेवर येईल असं गृहीत धरू नका.

पहिल्या महिन्यातच सुपरवायझरसोबत बसून वर्षाचा हा तक्ता करा. रजा देण्या-नाकारण्याच्या निम्म्या कुरबुरी त्याने टळतात, आणि भरवशाचा थर सगळ्यात लवकर इथेच भरतो.

पळायला लागली हे कसं कळेल

मीटिंगमध्ये कुणीतरी तुमच्या तोंडावर 'हे जमणार नाही, साहेब' म्हणतं आणि कारण देतं. वाईट बातमी रिपोर्टच्या आधी फोनवर येते. रजिस्टरमधले 'ओके' कमी होऊन पुन्हा वाक्यं दिसतात. सुरुवातीला काढून ठेवलेले चार आकडे आता शेजारी मांडा. त्यातली गैरहजेरी सगळ्यात प्रामाणिक, कारण ती कुणी तुम्हाला खूश करायला कमी करत नाही.

शेवटची चाचणी म्हणजे ७५ व्या दिवसाच्या आसपास दोन दिवस शॉपवर जाऊ नका. फोन सुरू ठेवा, पण स्वतःहून करू नका. परत आल्यावर तीन गोष्टी बघा: किती निर्णय तुमच्यासाठी अडकून राहिले, जे घेतले त्यांतले किती तुम्हाला पटतात, आणि काय लपवलं गेलं. अडकलेले निर्णय पाचच्या वर असतील तर माणसांना अजून अधिकार कळलेले नाहीत. वर त्या बोअरसाठी लिहिल्या तशा तीन ओळी त्या प्रत्येक विषयाच्या लिहा आणि महिन्याने पुन्हा दोन दिवस गायब व्हा. यात नवी माणसं आली, दोन कंत्राटी मुलं बदलली किंवा सुपरवायझर गेला, तर थोडी घसरण पुन्हा होईल. तेव्हा सगळं पहिल्यापासून करत बसू नका, फक्त कुठला थर हलला तेवढं बघा.

आणि पहिल्या आठवड्यातली ती आश्वासनांची वही बंद करू नका. तुम्ही दिलेला प्रत्येक शब्द तारीख घालून तिच्यातच लिहीत जा. तुमची बदली झाली की तुमच्या जागी येणाऱ्याच्या हातात मशिनांच्या यादीआधी ती वही ठेवा.